संत टेलवेनचा मुक्काम

“दिवसभर इथंच असतोस?”

म्हाताऱ्यानं एकचाकी ढकलगाडी चॅपेलच्या दाराशी टेकवली आणि धाप लागलेल्या आवाजात मला हे विचारलं.

“नऊ ते सहा,” मी म्हणालो.

“रविवारी?”

“रविवारीपण. बस फक्त मंगळवारी जाते.”

गाडीवर पोतं पसरलं होतं आणि पोत्याखाली काहीतरी होतं. मी तिकडं बघितलं. “बटाटे,” तो म्हणाला. मी विचारलं नव्हतं.

“पाणी कुठं कुठं गळतं?”

कुठं गळत नाही ते सांगणं सोपं होतं. मी मोजपट्टीनं उत्तरेचा कोपरा दाखवला. “तो कोनाडा तेवढा कोरडा आहे. संताचा.”

“बरं. आणि बोलतोस का?”

“कुणाशी?”

“तेच विचारतोय.”

“इथं मी एकटाच असतो. त्यामुळे स्वतःशीच बोलतो. मोठ्यानं.”

“कुठल्या भाषेत?”

“मराठीत.”

बैल घेताना दात बघावेत तसं त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं. “चालेल,” तो म्हणाला.

काय चालेल, ते मी विचारलं नाही. आमचं बोलणं फ्रेंचमध्ये चाललं होतं. त्याची मायबोली ब्रेटन, फ्रेंच त्याला शाळेत मारून शिकवलेली. मला पुण्यात फी घेऊन शिकवलेली. अशा वेळी माणूस जेवढं कळलं तेवढ्यावर समाधान मानतो.

“घरचे काय करतात?”

“आम्ही गुरव. गावच्या महादेवाच्या देवळाचं बघतो. पूजेला पाळी असते. वर्षातले तीन महिने आमच्याकडे, बाकीचे चुलत्यांकडे.”

“कधी खंड पडला तर?”

“पडत नाही. आजोबा गेले तेव्हा सगळ्या भावकीला सुतक होतं. त्या दिवशी दिवा शेजारच्या तांबोळीचाचांनी लावला. तेरा दिवस लावला.”

“तो तुमच्या देवाचा?”

“नाही. शेजारचा.”

 म्हाताऱ्यानं गाडीतून पत्र्याची झारी काढून माझ्या हातात दिली. “खाली ओढ्याकाठी संताचा झरा आहे. भरून आण. मला तहान लागली आहे.”

झरा दोनशे पावलं उतारावर, परत येताना तेवढाच चढ, आणि झारीला तळाशी भोक. मी दोनदा भरली. परत आलो तेव्हा म्हातारा बाकावर बसून घाम पुसत होता. गाडीवर पोतं होतं तसंच होतं. झारीत उरलेलं दोन घोट पाणी तो प्यायला आणि उठला.

“बटाटे परत नेतो,” म्हणाला, आणि गेला.

बटाट्यांना देवदर्शन घडवायची प्रथा असेल असं मला वाटलं. आमच्याकडं लोक नवी मोटरसायकल आणतात.

हे आठ वर्षांपूर्वीचं. मी, निळकंठ गुरव, तासगाव तालुका, तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. जुन्या इमारतींचं जतन कसं करायचं ते शिकायला फ्रान्सला गेलो होतो, आणि उन्हाळ्यात कॉलेजनं मला ब्रिटनी प्रांतातल्या लानटेलवेन नावाच्या चौदा घरांच्या वाडीवर पाठवलं होतं. तिथलं पंधराव्या शतकातलं चॅपेल मोजायचं, त्याची चित्रं काढायची आणि आतल्या प्रत्येक वस्तूची यादी करायची. ‘प्रत्येक’ या शब्दाखाली प्राध्यापकांनी रेघ मारली होती, म्हणून यादीत सदतीस नंबरला एक मेलेलं वटवाघूळ आहे.

चॅपेल लहान होतं. आमच्या शाळेच्या वर्गाएवढं, आणि तेवढंच गळकं. करड्या दगडाच्या भिंती, वर पाटीच्या दगडाचं छत. आतल्या तुळयांची दोन्ही टोकं लाकडी मगरी गिळत होत्या. कोरणाऱ्यानं आयुष्यात मगर बघितलेली नव्हती, त्यामुळे त्या कुठल्याही बँकेतल्या दुपारच्या कॅशियरसारख्या दिसायच्या. भिंतीच्या माथ्यावरच्या लाकडी पट्टीत पाद्र्याचे कपडे घातलेला कोल्हा कोंबड्यांना प्रवचन देत होता. पाचशे वर्षं झाली, कोंबड्या अजून लक्ष देऊन ऐकताहेत.

कोनाड्यात संत टेलवेन. उंची सव्वादोन फूट. उजवा हात कानामागं धरलेला, समोरच्याचं नीट ऐकू यावं तसा. कानदुखी बरी करणं हे त्याचं खातं. रोमकडं या संताची नोंद नाही. त्यात नुकसान रोमचं आहे, असं चॅपेलची किल्ली सांभाळणाऱ्या सोइझिकबाईंचं मत होतं.

मूर्ती प्लास्टरची होती. पहिल्याच आठवड्यात मी ती बोटानं ठोकून पाहिली होती आणि यादीत लिहिलं होतं: ‘नंबर चार. संत. प्लास्टर, विसावं शतक. मूल्य नाही.’ त्यानंतर मी माझा ओला रेनकोट संताच्या उजव्या कोपरावर अडकवायला लागलो, कारण अख्ख्या चॅपेलमध्ये दुसरी खुंटी नव्हती आणि त्या मुलखात रेनकोट रोज ओला असतो.

बटाटेवाल्या म्हाताऱ्याचं नाव फांश कर्वेला. वय अठ्ठ्याऐंशी. बायको वारलेली, मूलबाळ नाही. तो येऊन गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याला दवाखान्यात नेलं आणि दहाव्या दिवशी तो गेला. मातीला अख्खी वाडी होती, मीसुद्धा. मला झारी परत द्यायची राहिली होती.

मी सोइझिकबाईंच्या घरी माडीवर राहायचो. वय एकोणऐंशी, उंची चॅपेलच्या संताहून थोडीच जास्त. मी त्यांना मादाम म्हणायचो. एकदा ‘आजी’ म्हणून बघितलं आणि अर्थही सांगितला, तर दोन दिवस शिळा पाव मिळाला.

जुलैच्या शेवटच्या सोमवारी त्या हातात पत्र घेऊन टेबलाशी बसल्या होत्या. समोर इव्हों. इव्हों हा साठीचा शेतकरी, चॅपेल सांभाळणाऱ्या कमिटीचा दुसरा सभासद. कमिटीत तीन सभासद होते, तिसरा फांश. मी पहिल्या दिवशी इव्होंला ‘तुम्ही’ म्हणालो तेव्हा, परत म्हणालास तर ट्रॅक्टर अंगावर घालीन, असं त्यानं प्रेमानं सांगितलं होतं.

“गुरुवारी वारसा खात्याची बाई येणार,” सोइझिकबाई म्हणाल्या. “१९३१च्या फोटोतला लाकडी संत तिला बघायचा आहे. दिसला तर चॅपेल संरक्षित यादीत जाईल आणि छत दुरुस्त होईल. नाही दिसला तर दाराला साखळी.”

“कायमची?”

“छत पडेपर्यंत,” इव्हों म्हणाला. “नंतर साखळीची गरज नाही.”

“पण आत तर प्लास्टरचा आहे. मी ठोकून बघितला.”

“ती नक्कल,” सोइझिकबाई म्हणाल्या. “खरा घरी असतो.”

“कुणाच्या?”

दोघांनी एकमेकांकडं बघितलं.

“माहीत नाही,” सोइझिकबाई म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. १९७३ साली शेजारच्या गावच्या चॅपेलमधले पाच संत एका रात्रीत चोरीला गेले. लानटेलवेननं बोध घेतला. प्लास्टरची नक्कल करून कोनाड्यात ठेवली आणि खरी मूर्ती घरात लपवली. एकाच घरी राहिली तर बातमी फुटेल, म्हणून दरवर्षी ऑगस्टमध्ये पार्दों, म्हणजे संताची जत्रा, झाली की मूर्तीचं घर बदलायचं. ज्याच्याकडं असेल त्यानं पुढचं घर निवडायचं आणि गुपचूप नेऊन द्यायची. आणि कुणाकडून मिळाली, कुणाला दिली, हे कुठल्याही माणसाला सांगायचं नाही. नवऱ्यानं बायकोला सांगितलेलं चालतं, कारण तिला कळतंच.

“म्हणजे चोर आला,” इव्हों म्हणाला, “त्यानं माझे हातपाय पिरगाळले, तरी माझ्याकडून त्याला फक्त एक नाव मिळणार.”

“यादी का नाही केली?” मी विचारलं. त्या उन्हाळ्यात मला सगळ्यावर यादी हाच उपाय सुचायचा.

“यादी चोरीला गेली असती,” सोइझिकबाई म्हणाल्या.

काळजी मात्र कुणी करत नव्हतं. अडचणीसाठी खूण ठरलेली होती. सोइझिकबाईंनी निळ्या फुलांची कुंडी चॅपेलच्या पायरीवर ठेवली. कुंडी दिसली की ज्याच्याकडं संत असेल त्यानं दिवस उजाडायच्या आत आणून ठेवायचा. पंचेचाळीस वर्षांत कुंडी ठेवायची ही पहिली वेळ.

मंगळवारी सकाळी पायरीवर कुंडी होती. फक्त कुंडी.

सोइझिकबाईंनी फुलांना पाणी घातलं, दार उघडलं, आत एक फेरी मारली. प्रत्येक बाकाखाली वाकून बघितलं. ‘उशीर झाला असेल,’ म्हणाल्या. दुपारी परत आल्या. संध्याकाळी परत आल्या. या दारात त्यांचा बाप्तिस्मा झाला होता, लग्न झालं होतं, नवऱ्याची शवपेटी इथूनच निघाली होती, आणि किल्ली एकसष्ट वर्षं त्यांच्या एप्रनच्या खिशात होती. संध्याकाळी त्यांनी दार लावलं तेव्हा किल्ली लगेच खिशात टाकली नाही. हातातच धरून घरी आल्या, आणि सूप वाढतानाही ती डाव्या हातात होती.

इव्हों जेवायला होता. 

“प्रत्येकानं आपलं आपलं नाव सांगितलं तर साखळी जुळेल,” मी म्हणालो.

“माणसाला सांगायचं नाही,” सोइझिकबाई म्हणाल्या. “शपथ आहे.”

“मग संताला सांगा.”

दोघांनी चमचे खाली ठेवले.

“एकेकानं कोनाड्यासमोर यायचं आणि संताच्या कानात सांगायचं,” मी म्हणालो. “मी तिथं भिंत मोजत असेन. माझं काम आहे ते.”

“तू माणूस आहेस,” इव्हों म्हणाला.

“मी कॉलेजतर्फे आलोय.”

हे त्याला पटलं. सोइझिकबाईंना वेगळी अडचण होती. “पण तो प्लास्टरचा आहे, पोरा. प्लास्टरला सांगितलेलं पोचतं का?”

इव्होंनं पावाचा तुकडा सुपात बुडवून बराच वेळ विचार केला. “साचा खऱ्यावरूनच काढलेला आहे,” तो म्हणाला. “म्हणजे कान तोच.”

बुधवारी सकाळी नऊपासून लोक यायला लागले. मी संताच्या कोपरावरून रेनकोट काढला, बाजूची भिंत मोजायला घेतली. पहिल्या सोइझिकबाई. त्या कानापर्यंत पोचेनात, म्हणून मी स्टूल दिलं.

“दहा साली तुला धाकट्या मारीकडं दिलं,” त्या कुजबुजल्या. त्यांची कुजबुज बाहेर ट्रॅक्टरवर बसलेल्या इव्होंला ऐकू गेली असणार. “तिचा कुत्रा मला आवडत नव्हता. माफ कर.”

धाकटी मारी बहात्तर वर्षांची होती. तिनं स्टूल पुसून घेतलं. “कुत्र्यानं तुला काही केलं नाही, हे तू सांग तिला,” ती संताला म्हणाली. “अकरा साली मी तुला सुताराकडं दिलं.”

सुतार आला. बारा साली त्यानं पोस्टातल्या बाईंकडं दिला होता. पोस्टातल्या बाईंनी तेरा साली दोन भावांकडं दिला होता. हे दोन भाऊ एकाच घरात राहून एकवीस वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. ते एकदमच आले, स्टुलाच्या दोन बाजूंना उभे राहिले आणि दोघांनी दोन कानांत दोन वेगवेगळी नावं सांगितली.

“माझं खरं आहे,” थोरला म्हणाला.

“त्याला सांग,” धाकटा संताला म्हणाला, “त्या दिवशी तो झोपला होता. गाडी मी ढकलली.”

धाकट्याचं खरं निघालं. ते एकवीस वर्षांतलं त्यांचं पहिलं संभाषण होतं, संतामार्फत का होईना. जेवणाच्या वेळेपर्यंत सात घरं झाली. ती भिंत मी सात वेळा मोजली आणि तीन वेगवेगळी उत्तरं आली.

शेवटचं नाव इव्होंचं निघालं. सोळा साली त्याच्याकडं आला होता, म्हणजे सतरा सालच्या जत्रेनंतर, गेल्याच वर्षी, त्यानं पुढं दिला होता. तो आत आला, टोपी काढली, आणि स्टुलावर न चढता नुसताच उभा राहिला.

“बोल की,” दारातून सोइझिकबाई म्हणाल्या. आता सगळी वाडी दारात होती.

“फांशला,” इव्हों म्हणाला. संताला नाही, जमिनीला.

 वरच्या कोंबड्या ऐकत होत्या.

“तुला दीड महिना माहीत होतं,” सोइझिकबाई म्हणाल्या.

“मला वाटलं दवाखान्यात जायच्या आधी त्यानं कुणालातरी दिला असेल. विचारायचं नाही ना? मी नाही विचारलं. तो मरायला टेकला होता तेव्हा मी शेजारी बसलो होतो. हवापाण्यावर बोललो.”

“घराची किल्ली?”

“माझ्याकडं. कोंबड्यांना दाणे घालतो मी.”

“आणि आत बघितलं नाहीस?”

“कोंबड्या माझ्या ताब्यात होत्या,” इव्हों म्हणाला. “संत नव्हता.”

फांशच्या घरी आम्ही तिघंच गेलो. एक खोली, चूल, घड्याळ बंद पडलेलं, टेबलावर दोन कप. भिंतीला लागून जुन्या पद्धतीचा लाकडी पलंग, कपाटासारखा, सरकत्या दारांचा. हिवाळ्यात आत शिरून दारं लावून झोपायचं. सोइझिकबाईंनी क्रूसाची खूण केली आणि दार सरकवलं.

आत, उशीवर डोकं ठेवून, गळ्यापर्यंत घोंगडी ओढून संत टेलवेन झोपला होता. हात कानामागं.

सोइझिकबाई पलंगाच्या कडेवर बसल्या आणि त्यांनी डोळे पुसले. इव्होंनं फडताळातून फांशची साइडर काढली, सफरचंदाची दारू, आणि फांशच्याच दोन कपांत ओतली. मला बाटली मिळाली. “मेल्यानं अंथरूण दिलं त्याला,” सोइझिकबाई म्हणाल्या. “स्वतः कुठं झोपत होता कोण जाणे.”

मी घोंगडी काढली आणि मूर्ती उचलली. खालची कड पलंगाच्या लाकडाला घासली आणि चादरीवर पांढरा टवका पडला.

मी तो बोटात धरून चिरडला. खडूसारखा पांढरा भुगा झाला. मूर्ती ठोकून बघितली. हा आवाज माझ्या ओळखीचा होता.

“प्लास्टर,” मी म्हणालो.

इव्होंनं कप खाली ठेवला. 

“दोन नकला केल्या होत्या?” मी विचारलं.

“एकच,” सोइझिकबाई म्हणाल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, “त्यानं विकला.”

“फांशनं?” इव्हों म्हणाला.

“खरा विकला आणि बदली हे आणून झोपवलं. घोंगडी घालून.”

“सोइझिक, जो माणूस दुकानात चुकून जास्त आलेली साखर परत द्यायला चार किलोमीटर चालत जातो…”

“मग कुठं आहे?”

 इव्होंनं टोपी घातली, काढली, परत घातली. सोइझिकबाईंच्या हातात किल्ली होती आणि त्या ती अशा धरून बसल्या होत्या की जणू ती आता कुणालातरी देऊन टाकायची आहे. खरं सांगतो, संत गेला त्यापेक्षा मला फांशचं वाईट वाटलं. मेलेल्या माणसाला एकदा चोर म्हटलं की तो उत्तर द्यायला येत नाही.

मी मूर्ती मांडीवर घेऊन बसलो होतो. यादीतला नंबर चार. डाव्या पायाच्या अंगठ्याशी पेन्सिलीनं बारीक ‘४’ लिहिलेला होता. माझ्याच अक्षरात.

“मादाम,” मी म्हणालो, “नक्कल एकच आहे ना?”

“एकदा सांगितलं.”

“आणि ती माझ्या मांडीवर आहे.”

“दिसतंय मला.”

“मग सकाळपासून आपण बोलतोय कुणाशी?”

एकोणऐंशी वर्षांची बाई चढावर पळू शकते हे मी त्या दिवशी बघितलं. इव्हों ट्रॅक्टर सुरू करेपर्यंत त्या वळणाच्या पुढं गेल्या होत्या.

चॅपेलमध्ये कुणी नव्हतं. मी स्टुलावर चढलो आणि संताच्या छातीवर बोटानं ठोकलं.

ठक.

दार वाजवल्यासारखा लाकडाचा आवाज. ओक. मी मूर्ती पुढं ओढली. मागून पोकळ, छिन्नीचे घाव जसेच्या तसे. तळाशी बारीक पिवळसर पावडर. जूनच्या मध्यापासून कोनाड्याखाली रोज सकाळी ती पडायची आणि मी रोज झाडून काढायचो. प्लास्टर झडतंय, असं वहीत लिहूनही ठेवलं होतं. वाळवीचा भाऊबंद एक किडा लाकूड पोखरतो, त्याचा तो भुसा. या विषयावर मला परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क होते.

“अरे देवा,” इव्हों म्हणाला, “माझं नाव मी खुद्द त्यालाच सांगितलं.”

“पोचलं म्हणायचं,” सोइझिकबाई म्हणाल्या आणि पहिल्या बाकावर बसून हसायला लागल्या. हसता हसता रडल्या, मग परत हसल्या. शेवटी त्यांनी किल्ली एप्रनच्या खिशात टाकली आणि वरून थोपटली. मी बटाट्यांची हकीकत सांगितली: पोतं, झारी, दोनशे पावलं. ती सांगेपर्यंत मलाही ती पहिल्यांदाच कळत होती.

“पण इथं का आणून ठेवला?” इव्हों म्हणाला. “कुणाच्याही घरी दिला असता.”

सोइझिकबाई माझ्याकडं बघत होत्या. “त्यानं तुला काही विचारलं होतं?”

“दिवसभर इथं असतोस का.”

“आणि?”

“पाणी कुठं गळतं.”

“आणि?”

“बोलतोस का.”

इव्होंनं टोपी काढली.

“पुढचं घर निवडताना हे तीनच प्रश्न विचारायचे असतात,” सोइझिकबाई म्हणाल्या. “दिवसा माणूस असतं का. छप्पर कोरडं आहे का. घरात बोलणं असतं का. तो ऐकणारा संत आहे, मुक्या घरात त्याला ठेवत नाहीत. ते दोन भाऊ आहेत ना, त्यांच्याकडं द्यायची चूक पोस्टातल्या बाईनं केली. आम्ही अजून तिला बोलतो.”

मला वर कोल्ह्याकडं बघावंसं वाटलं, म्हणून बघितलं. सहा आठवडे मी त्या मूर्तीला काय काय सांगितलं होतं ते आठवत होतो. प्राध्यापकांबद्दल, पावाबद्दल, एका मुलीबद्दल, तासगावच्या द्राक्षांबद्दल, सोइझिकबाईंच्या सुपाबद्दल. सगळं मराठीत, मोठ्यानं, एकदा तर गाऊन. आणि तो कानामागं हात धरून, माझा ओला रेनकोट सांभाळत, ऐकत होता.

गुरुवारी खात्याच्या बाई आल्या. हातमोजे घालून त्यांनी दोन तास मूर्ती बघितली. ओक, पंधराव्या शतकाचा शेवट, रंगाचे मूळ थर शाबूत. चॅपेल यादीत जाईल म्हणाल्या. छताचं काम वसंतात सुरू होईल, तोवर मूर्ती कोरड्या आणि सुरक्षित जागी ठेवायची.

“जबाबदारी कुणाची लिहू?” त्यांनी विचारलं.

“गावाची,” सोइझिकबाई म्हणाल्या.

“आतापर्यंत मूर्ती कुठं होती?”

“दिसते तिथंच.”

बाईंनी भिंग काढून परत एकदा वाकून बघितलं. “उजव्या कोपरावर अलीकडची झीज आहे. आणि ओल. कशामुळं?”

सोइझिकबाई आणि इव्हों दोघांनीही माझ्याकडं बघितलं नाही. ते फार प्रयत्नपूर्वक बघितलं नाही.

“भक्तांमुळं,” इव्हों म्हणाला.

अहवालात तसंच छापलेलं आहे. माझा रेनकोट आता फ्रान्सच्या सांस्कृतिक वारशाचा भाग आहे.

जत्रा ऑगस्टच्या तिसऱ्या रविवारी झाली. ऊन होतं, याचं सगळ्यांना आश्चर्य वाटलं. संताला खांद्यावर घेऊन झऱ्यापर्यंत मिरवणूक गेली. पुढच्या दोन दांड्यांना ते दोन भाऊ होते आणि ‘डावीकडं घे’, ‘घेतोय’ एवढं बोलत होते. फांशच्या झारीचं भोक मी बुजवून घेतलं होतं. ती झऱ्यावर भरली आणि त्याच्या मातीवर ओतली. पाणी आता शेवटपर्यंत टिकत होतं.

संध्याकाळी सोइझिकबाई माडीवर आल्या. माझी बॅग भरून झाली होती. दुसऱ्या दिवशी मंगळवार नव्हता, पण इव्हों स्टेशनवर सोडणार होता.

“काही राहिलं नाही ना?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“राहिलंय,” त्या म्हणाल्या. “यंदाचं वर्ष तुझं होतं. पुढचं घर तू निवडायचंस.” आणि दारातून वळून म्हणाल्या, “मला सांगू नकोस. मी लवकर झोपणार आहे. गाडी कोठाराच्या मागं आहे.”

आमच्या घरी पाळी संपताना आण्णा, म्हणजे माझे वडील, देवळाच्या किल्ल्या चुलत्याच्या हातात देतात तेव्हा दोघं उगाच पाऊसपाण्याचं बोलतात. ते तसं का करतात, ते मला त्या संध्याकाळी कळलं.

अजून भरपूर उजेड होता. मी घोंगडी अंथरली, संताला आडवा केला, वर पोतं टाकलं आणि गाडी ढकलत निघालो. चौदा घरांची वाडी. प्रत्येक घराच्या खिडकीतला पडदा मी जवळ आलो की बंद व्हायचा. लोक इतक्या काटेकोरपणे बघत नव्हते की मला संकोच वाटायला लागला.

वळणावर इव्हों कुंपणाला टेकून उभा होता. त्यानं गाडीकडं बघितलं, पोत्याकडं बघितलं. पोत्याच्या कडेला एक लाकडी कोपर बाहेर आलं होतं. मी ते झाकलं.

“बटाटे,” मी म्हणालो.

“यंदा चांगले आलेत म्हणतात,” इव्हों म्हणाला, आणि आभाळाकडं बघायला लागला.

मी पुढं गेलो. एका दाराशी गाडी टेकवली, दार वाजवलं. दार उघडलं.

“दिवसभर घरीच असता?” मी विचारलं.